खुराडे आधी आतून आखा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बोलायला उभा राहिलो की तुम्ही कापसाच्या भावाची नाहीतर बोंडअळीची वाट पाहता. आज त्यातले काही नाही. आज मी कोंबडीच्या खुराड्यावर बोलणार आहे. हसू नका. तेही सगळ्या कोंबडीपालनावर नाही. परसात पहिल्यांदाच दहा कोंबड्या पाळायच्या तर खुराड्याच्या आत कोणती वस्तू कुठे असावी, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय मी निवडलेला नाही, मला तो एका बाईंनी दिला. नांदगाव तालुक्यातल्या एका गावात बैठक संपली. माणसे पांगली आणि मागे बसलेल्या एक मावशी पुढे आल्या. म्हणाल्या, "भाऊ, दहा कोंबड्या घ्यायच्या म्हणते. पोराने विटा आणल्यात. खुराडं कसं करू?" मी सुरू झालो. गिरिराज घ्या, वनराज घ्या, मानमोडीची लस चुकवू नका. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "ते समदं कळलं. पण दांडी कुठं बांधू अन् अंड्याचं खोकं कुठं ठेवू?"

मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी येताना स्वतःचीच लाज वाटली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पदवी माझ्याजवळ आहे. हजार पक्ष्यांच्या शेडचा आराखडा मी परीक्षेत काढून दाखवला आहे. पण दहा कोंबड्यांच्या खुराड्यात दांडी कुठे बांधायची, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

माझे पहिले खुराडे

खरे तर मी स्वतः ते करून, हात पोळून बसलो होतो. शिक्षण संपवून गावी आलो तेव्हा घरामागे पक्के खुराडे बांधले. तीन बाजूंनी वीट, वर पत्रा, पुढे फूटभर रुंदीचे दार. बाहेरून बघाल तर देखणे. गावातली माणसे बघायला आली. आत मात्र मोकळी जमीन, एका कोपऱ्यात पाण्याची घमेली आणि दुसऱ्या कोपऱ्यात उंचावर ठेवलेले एक खोके. बारा कोंबड्या आणून सोडल्या.

पहिल्या आठवड्यात कोंबड्या खोक्यात चढून झोपू लागल्या. सकाळी अंडी विष्ठेने बरबटलेली मिळायची. घमेल्यातले पाणी रोज सांडायचे आणि खालचा भुसा कुजायचा. मागच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचेना, म्हणून तिथली घाण तशीच राहायची. थंडी पडली तेव्हा दया येऊन मी सगळ्या फटी पोत्यांनी बुजवल्या. महिन्याभरात कोंबड्या घरघरू लागल्या, चार दगावल्या. दोन मुंगसाने नेल्या. मे महिन्यात एक खुडूक कोंबडी पत्र्याखाली अंड्यांवर बसल्या जागीच मेली. वर्षाअखेर बारातल्या पाच उरल्या. माझी आई म्हणाली, "तुझ्या शाळेपेक्षा आमचं डालगं बरं होतं. त्यात एवढ्या नव्हत्या मेल्या."

आईचे खरे होते. डालगे कोंबडीच्या मापाचे होते. माझे खुराडे बघणाऱ्यांच्या मापाचे होते. मी भिंती आधी बांधल्या आणि आत काय ठेवायचे ते नंतर शोधत बसलो. आज तुम्हाला सांगायचे ते एवढेच: खुराडे आधी आतून आखा, भिंती सर्वांत शेवटी.

एवढी उठाठेव कशासाठी?

कोणी म्हणेल, दहा कोंबड्यांनी असे काय होणार आहे? याचे गणित मांडू.

आपली कोरडवाहू शेती. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत दुकानदाराकडे आणि सोसायटीकडे निघून जातो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली. २०१८ साली राज्य सरकारने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आपल्या जिल्ह्यातलेही होते. अशा वर्षी घरात मीठमिरची कोणत्या पैशाने आली, ते पुरुषांना विचारू नका, बायांना विचारा. कोणाची शेळी, कोणाची शिलाई, कोणाची अंडी.

चांगली देशी कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. सुधारित परसातल्या जाती नीट सांभाळल्या तर त्याच्या दुपटीच्या आसपास जातात. दहा देशी कोंबड्यांची ६०० अंडी धरा. त्याला तुमच्या गावात गावरान अंड्याला जो भाव मिळतो त्याने गुणा. आकडा मोठा येणार नाही. पण हा पैसा दर आठवड्याला येतो, रोख येतो आणि बाईच्या मुठीत येतो. १९८२ साली मोठ्या अंडी उत्पादकांनी नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी काढली आणि आपल्या अंड्याचा भाव आपणच जाहीर करायला सुरुवात केली. परसातल्या दहा कोंबड्यांच्या मालकिणीला कमिटीही लागत नाही. गिऱ्हाईक दाराशी येते आणि भाव ती सांगते. आपल्या शेतीत असा दुसरा कोणता माल आहे, सांगा.

देशभर हे घडते आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले होते, आणि ही परसातली संख्या २०१२ च्या मानाने ४५ टक्क्यांहून अधिक वाढलेली होती. म्हणजे लोक कोंबड्या घेताहेत. पण पहिल्याच वर्षी निम्म्या मेल्या, तर ती बाई पुन्हा कोंबडी घेत नाही आणि शेजारणीलाही घेऊ देत नाही. म्हणून पहिले खुराडे चुकता कामा नये.

जमिनीवर राखेने आखा

वीट, पत्रा, जाळी, काही विकत आणू नका. मूठभर राख घ्या आणि परसात सहा फूट लांब, चार फूट रुंद चौकोन आखा. दहा कोंबड्या आणि एक कोंबडा दिवसभर बाहेर चरणार असतील तर रात्रीला एवढी जागा पुरते. एका पक्ष्याला दोन चौरस फूट धरले आहे. दिवसभर कोंडून ठेवणार असाल तर ही जागा पुरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सहा फुटांची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो आणि दुपारनंतरचे ऊनही तिकडूनच भाजते. म्हणून पश्चिमेची चार फुटी भिंत पूर्ण बंद. दार पूर्वेला. उत्तर आणि दक्षिण या लांब बाजू खाली दीड फूट बंद, वर जाळी. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून गिलक्याचा किंवा दोडक्याचा वेल चढवा. भिंत तापत नाही आणि भाजीही होते.

रुंदी चारच फूट का? कारण बाईचा हात दोन-अडीच फूट पोचतो. दोन्ही बाजूंनी हात घातला तर मधले सगळे हाताखाली आले पाहिजे. जिथे हात पोचत नाही तिथे घाण साचते, आणि घाण साचते तिथून रोग सुरू होतो. माझ्या खुराड्यात हेच झाले.

आता चौकोनाचे आतून दोन भाग करा. पश्चिमेकडचा पावणेतीन फुटांचा भाग झोपायचा. दाराकडचा सव्वातीन फुटांचा भाग अंडी घालायचा आणि दाणापाण्याचा. मधे भिंत नको, राखेची रेघ पुरे. ही एक रेघ लक्षात ठेवलीत तर बाकीचे आपोआप सुचेल.

झोपायची जागा

कोंबडीचे मूळ जंगलातले आहे. रात्री तिला उंचावर, काहीतरी पायात धरून बसायचे असते. दांडी नसेल तर ती अंड्याच्या खोक्यात झोपते, नाहीतर कडुनिंबावर जाऊन बसते आणि मग मुंगूस, मांजर आपला हिशेब करतात.

चार फुटी दोन दांड्या आडव्या बांधा. पहिली पश्चिमेच्या भिंतीपासून एक फुटावर, दुसरी तिच्यापुढे सव्वा फुटावर. दोन्हींची उंची जमिनीपासून दोन फूट, आणि दोन्ही सारख्याच उंचीवर. एक उंच आणि एक खाली ठेवलीत तर सगळ्यांना वरच्या दांडीवरच बसायचे असते आणि रोज संध्याकाळी मारामारी होते. एका कोंबडीला आठ-नऊ इंच जागा लागते, म्हणजे एका दांडीवर पाच-सहा. दोन दांड्यांत तुमचे अकरा पक्षी बसतात.

दांडी दीड ते दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली असावी. बाभळीची किंवा निंबाची फांदी साल काढून वापरा. सालीखाली गोचीड दडतात. दांडी खिळ्याने ठोकू नका, भिंतीतल्या खोबणीत नुसती ठेवा. आठवड्याला उचलून बाहेर उन्हात टाकता आली पाहिजे. आपल्या कोरड्या हवेत कोंबडीच्या गोचिडाचा उपद्रव फार. तो दिवसा भिंतीच्या भेगेत बसतो आणि रात्री रक्त पितो. कोंबडी सुकत जाते आणि आपण म्हणतो, नजर लागली. भेगा शेणमातीने लिंपा, वर चुना मारा. खोबण्यांना महिन्यातून एकदा रॉकेल किंवा जुने तेल फासा, ते वाळल्यावरच दांडी ठेवा.

दिवसभरातल्या विष्ठेपैकी निम्म्याच्या आसपास रात्री दांडीखालीच पडते. म्हणजे निम्मे खत एकाच जागी मिळते. दांड्यांखाली जुना पत्रा किंवा फाटके पोते अंथरा, त्यावर राख भुरभुरा. एक दिवसाआड उचलून उकिरड्यावर न्या. ताजे खत पिकाच्या बुडाशी घालू नका, पीक करपते. कुजवूनच वापरा.

अंड्याचे खोके

आता रेघेच्या अलीकडे या. उत्तरेच्या भिंतीला तीन खोकी शेजारी शेजारी लावा, प्रत्येक खोके एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. चार कोंबड्यांना एक खोके या हिशेबाने दहाला तीन पुरतात. जास्त केलीत तरी सगळ्या एकाच आवडत्या खोक्यापुढे रांग लावतात. उत्तर बाजू अशासाठी की तिथे ऊन येत नाही. कोंबडीला अंडे घालायला अंधार आणि आडोसा लागतो.

खोक्याची उंची हा कळीचा मुद्दा आहे. खोके जमिनीपासून एक फूट, दांडी दोन फूट. खोके नेहमी दांडीच्या खाली. माझे खोके उंच होते, म्हणून कोंबड्या त्यात झोपत होत्या. खोक्याच्या तोंडाला चार इंचांची पट्टी लावा, म्हणजे अंडे आणि गवत बाहेर घरंगळत नाही. मागच्या बाजूला, म्हणजे बाहेरून, एक झडप ठेवा. सकाळी बाईला वाकून आत शिरावे लागू नये. झडप उघडली, अंडी काढली, कडी लावली, संपले काम.

तलंगा पहिल्यांदा अंड्यावर येतील तेव्हा खोक्यात अंड्याएवढा पांढरा गोल दगड ठेवा आणि पहिले पंधरा दिवस त्यांना दुपारपर्यंत आत ठेवा. बहुतेक अंडी दुपारच्या आतच पडतात. एकदा खोक्याची सवय लागली की कोंबडी तुरीच्या ओळीत अंडी घालत हिंडत नाही. आणि रात्री खोक्यात एकही अंडे ठेवू नका. अंड्याच्या मागे साप येतो, घूस येते.

खुडूक कोंबडीला या खोक्यात बसू देऊ नका, बाकीच्या तिच्यावर चढून अंडी घालतात. तिचे डालगे घरात, थंड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. दहा-बारा अंडी, एकवीस दिवस. मे महिन्यात पत्र्याखाली तिला बसवाल तर माझ्यासारखे होईल.

दाणा आणि पाणी

पाणी आणि दाणा दक्षिणेच्या बाजूला, दाराजवळ. दांडीच्या खाली कधीच नाही. भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा किंवा दोन विटांवर ठेवा. जमिनीवर ठेवले तर ती पायाने भुसा उकरून पाण्यात घालते. दहा कोंबड्यांना दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. दिवसा भांडे बाहेर सावलीत असू द्या. संध्याकाळी दारात मूठ मूठ ज्वारी टाकली की कोंबड्या आपण होऊन आत येतात. हाकायला पोरे पळवावी लागत नाहीत.

आता आपण कापूस-ज्वारीवाले आहोत म्हणून तीन गोष्टी सांगतो. पहिली, ज्वारी कोंबडीला उत्तम, मक्याच्या जागी चालते. फक्त बलक जरा फिका येतो. मेथीचा पाला, लसूणघास टाकलात की तो पिवळा होतो. पण पावसात भिजून काळी पडलेली, बुरशी आलेली ज्वारी "कोंबड्यांना चालेल" म्हणून टाकू नका. त्या बुरशीचे विष कोंबडीच्या काळजावर जाते. दुसरी, सरकी आणि सरकीची पेंड गाई-म्हशीला द्या, अंड्यावरच्या कोंबडीला नको. सरकीतल्या गॉसिपॉलमुळे बलक हिरवट-तपकिरी पडतो, आणि असे अंडे एकदा गेले की ते गिऱ्हाईक परत येत नाही. तिसरी, पेरणीतून उरलेले औषध चोळलेले बियाणे आणि फवारणीचे डबे खुराड्याच्या आसपासही नकोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना माणसे विषबाधेने मेली. कोंबडीचा जीव केवढा!

दाराच्या आतल्या बाजूला एक छोटा डबा बांधा. त्यात शिंपल्याचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले ठेवा. कवच मजबूत येते.

हवा आणि गादी

मालेगावकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. पारा ४२-४३ च्या पुढे जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, तेवढाच तिचा उपाय. आणि निफाडकडे थंडीत पारा ५ अंशांच्या खालीही जातो. मग जाळी उघडी ठेवायची की बंद?

उत्तर असे आहे: कोंबडी थंडी सोसते, ओल सोसत नाही. वारे तिच्या अंगावर येऊ नये, डोक्यावरून जावे. थंडीत पोत्याचा पडदा खालून वर बांधा आणि छताखालची वीतभर जाळी बाराही महिने उघडी ठेवा. ती वीत मी बुजवली होती, म्हणून चार कोंबड्या गेल्या. थंडीने नाही, विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाने. परीक्षा सोपी आहे. पहाटे दार उघडल्याबरोबर वाकून दांडीच्या उंचीवर तोंड न्या. तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबडी रात्रभर त्यातच होती, असे समजा. उन्हाळ्यात पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या टाका आणि दुपारी पाणी मारा.

जमिनीवर दोन-तीन इंच गादी हवी. इगतपुरी-पेठकडून भाताचा तूस मिळाला तर फारच छान. नाहीतर भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा, बारीक तोडलेला कडबा चालतो. आठवड्यातून एकदा उलथापालथ करा. मुठीत दाबून पाहा. गोळा झाला तर ओली आहे, बदला. मूठ उघडताच विसकटली तर ठीक आहे. पावसाळ्यात थोडी चुन्याची भुकटी मिसळा.

आता भिंती

आतले सगळे राखेच्या रेघांवर मांडून झाले. दोन दिवस तसेच ठेवा. खोकी ठेवून बघा, दांडी धरून बघा, वाकून बघा. मग पायाकडे वळा.

आपली जमीन काळी. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. काळ्या मातीवर थेट भिंत उभारली की पहिल्याच वर्षी चिरते, आणि चिरेतून घूस, मुंगूस, गोचीड सगळे घर करतात. आखलेल्या चौकोनातली फूटभर काळी माती काढा, मुरूम भरा, धुमसा, आणि जमिनीपासून फूटभर उंच ओटा करा.

भिंतीला वीट नसली तरी चालते. तुराट्यांचा कूड, दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपलेला, झकास होतो. पण पऱ्हाटी वापरू नका. फुकट मिळते म्हणून मोह होतो. पऱ्हाटीत, वाळल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कापसावर येते. कोंबडी वाचवायची आणि कापूस घालवायचा, हा व्यवहार काय कामाचा?

जाळी घेताना षटकोनी कोंबडीजाळीवर भागवू नका. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड मेश जाळी घ्या. बजेट कमी असेल तर खालचा भाग कुडाने बंद करा आणि फक्त वरच्या पट्ट्याला चांगली जाळी लावा. पूर्वेला दोन फूट रुंदीचे, वाकून आत जाता येईल असे दार, आणि त्यातच खाली कोंबड्यांसाठी फूटभराची खिडकी. दोन्हींना कडी, नुसता दोरा नको.

एक डालगे वेगळे ठेवा

शेवटची वस्तू खुराड्याच्या आत नाही, बाहेर आहे. एक डालगे लांब, घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. बाजारातून आणलेली कोंबडी थेट खुराड्यात सोडू नका, पंधरा दिवस त्या डालग्याखाली ठेवा. मरगळलेली कोंबडीही तिथेच. मानमोडी असाच येतो, बाजाराच्या पिशवीतून. त्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे दोन महिन्यांच्या सुमाराला दुसरी. गावातल्या पाच-सात जणींनी एकाच दिवशी मिळून लस द्यावी, कारण बाटली एकदा फोडली की ठेवता येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर विसरू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पाळीव कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू तिथे निघाला. मोठ्या फार्मांबरोबर गरिबांच्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. २०२१ साली नवापुरात तो पुन्हा आला. म्हणून पाण्याचे भांडे असे ठेवा की बगळे, कावळे त्यात चोच घालणार नाहीत. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर लपवू नका, दवाखान्यात कळवा. मेलेली कोंबडी खाऊ नका, नाल्यात फेकू नका. चुना टाकून खोल पुरा.

शेवटचे

भावांनो, आता फक्त तुमच्याशी बोलतो. खुराडे तुम्ही बांधाल, पण उघडणार कोण? पहाटे झडप कोण उघडणार, गादी कोण उलथणार, संध्याकाळी दाणा कोण टाकणार? मग खोके किती उंच आणि दार किती रुंद, हे तिला विचारून ठरवा. तिच्या हाताचे माप घ्या, स्वतःच्या नाही. आणि अंड्याचा पैसा तिच्याच हातात राहू द्या. तो कापसाच्या उधारीत वळवलात, तर वर्षभरात खुराड्यात सरपण भरलेले दिसेल.

त्या मावशींकडे मी पुन्हा गेलो होतो. माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी परसात राखेने चौकोन आखला होता आणि आत टोपली, घमेले, काठी मांडून बघत होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, काठी भिंतीला अगदी चिकटली तर शेपट्या घासतील ना?" मी म्हटले, "हो, एक फूट सोडा." एवढेच मला त्यांना सांगावे लागले.

आज घरी गेल्यावर तेच करा. विटा उद्या आणा. आज मूठभर राख पुरे.